जानेवारी ते मार्च

तू बाई आहेस की बाप्या, मला ठाऊक नाही.
नकाशाच्या नोंदवहीत तुझं नाव: इवेर ७४.
बस्स.
चौऱ्याहत्तर तुझं वय असेल, घराचा नंबर असेल,
किंवा त्र्याहत्तर इवेर तुझ्याआधी येऊन बसले असतील.

मी उलकान. जनावरांची डॉक्टर.
नारीनच्या वर, सारी-केचूच्या अलीकडे
माझ्या वाट्याला अकरा कुरणं, साडेचार हजार मेंढ्या,
लशींचा एक गार डबा, आणि एक फोन
ज्यात सिम आहे ते नुसतं असायचं म्हणून.
शेवटचा टॉवर मागे राहतो, पेट्रोलपंपापाशी.
पुढचे चाळीस किलोमीटर मी आणि हा नकाशा,
निघताना उतरवून घेतलेला,
कुणाच्याच मालकीचा नाही म्हणून माझ्याही मालकीचा.

त्यात तू एक रस्ता काढलास
नदीच्या थेट आरपार,
भांग पाडावा तसा सरळ.

दोष देत नाही. उपग्रहाच्या फोटोत तो आहेच,
दोन चाकोऱ्या, या काठावरून त्या काठावर.
पण फोटो फेब्रुवारीतला.
तेव्हा नदी फरशीसारखी पडून असते
आणि गवताचे ट्रक तिच्या पाठीवरून जातात.

मे महिन्यात तुराट आला, नवा ड्रायव्हर, शहरातला.
फोन म्हणाला सरळ.
तो सरळ गेला.
दुसऱ्या दिवशी गाडीचं टप तेवढं दिसत होतं.
तुराट पोहत काठाला लागला, ओठ निळे,
तोंडात शिव्या. त्या तुझ्या होत्या,
पण तुझं नाव त्याला माहीत नव्हतं,
मग मलाच घातल्या.

मी रस्ता पुसला.
तू परत काढलास. शेरा: फोटोत स्पष्ट दिसतो.
मी पुसला.
तू परत.
मला कळायचं शनिवारी, पंपापाशी रेंज आली की.
महिनाभर चालली ही रस्सीखेच,
तू कुठल्याशा खोलीत, मी इथे चिखलात, मधे नदी.

शेवटी लिहिलं, शाळेतलं रशियन आठवून आठवून:
तुला दिसते ती वाट नाही.
ते पाणी आहे. गोठलेलं.

पुढच्या शनिवारी रेघ तुटक झाली होती.
तिच्यावर लिहिलेलं, फक्त जानेवारी ते मार्च.
आणि खाली एक प्रश्न:
मग उन्हाळ्यात लोक कुठून उतरतात?

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
पूल मंजूर करून विसरलेल्या साहेबांनीसुद्धा नाही.

घोडा काढला. फोन खिशात,
मागे एकेक ठिपका सांडत.
म्हातारी आसीपा पुढे, काठीनं दाखवत:
तो काळा दगड उजव्या हाताला ठेव,
पाणी पसरतं तिथं घाल, खोल वाटतं तिथं मुळीच नको.
तिथे पाणी घोड्याच्या गुडघ्याला.
नाव काय या उताराचं?
बुडालं शिंगरू, म्हणाली आसीपा.
छे, म्हणाला तिचा दीर, हाच खरा सारी-केचू,
पिवळा उतार. गाव नंतर वसलं, नाव पळवून नेलं.
दोघं भांडले. चहावर साय धरली.
मी दोन्ही नावं लिहिली,
आणि जुलैच्या दुपारी वितळून येणाऱ्या पाण्याचं एक वेगळं,
की चारनंतर उतरू नका.

तुराट आता तिथूनच जातो. सरळ म्हटलं की अजून थबकतो.

काल पंपापाशी वेळ होता.
तू आणखी काय काय काढलंयस ते पाहत बसले.
समुद्राकाठचं एक गाव. तिथली प्रत्येक टपालपेटी,
पाणपोया, न लागणारा एक दिवा,
आणि बाकं, बाकं, किती बाकं,
दवाखान्यापासून धक्क्यापर्यंत, दर शंभर पावलांवर.
एकापुढे शेरा: टेकायला पाठ नाही.
दुसऱ्यापुढे: उठताना धरायला कठडा आहे.

तेव्हा वाटलं,
चौऱ्याहत्तर हे वयच असावं.